महादेवाची भांग आणि मोरीचं पाणी

कमलबाईचं म्हणणं काही फार मोठं नव्हतं. रोपाला ऊन लागतं आणि दूध-साखर लागत नाही, एवढंच ती दिवाळीपासून सांगत होती. पण बायकोनं सांगितलेलं ऐकेल तर तो वैजीनाथ गुरव कसला!

चारठाण्याची देवळं बघायला लांबलांबून माणसं यायची. तिथून दोन कोसांवरच्या या गावातल्या महादेवाला मात्र गावाबाहेर कुणी विचारत नव्हतं. तरी त्याच्या पूजेसाठी गुरवाची दोन घरं एकमेकांवर डोळा ठेवून असायची. एक वैजीनाथाचं, दुसरं त्याचा चुलतभाऊ बन्सीधर याचं. पूजेची पाळी तीन-तीन वर्षांची. पाळी ज्याच्याकडे त्याच्या घरात यात्रेचं धान्य, नारळ आणि सुगीचं बलुतं. दुसऱ्या घरानं तोवर लोकांच्या रानात रोजानं जायचं. दिवाळीच्या पाडव्याला पाळी बदलायची, पण ती पक्की व्हायची शिवरात्रीला. त्या दिवशी नव्या पुजाऱ्यानं देवळाच्या भुईत उगवलेली हिरवी भांग पिंडीवर चढवायची. वाळलेली चालत नव्हती, दुकानातली चालत नव्हती. भांग चढली नाही, तर पाळी तिथल्या तिथं परत दुसऱ्या घराकडे.

इतकी वर्षं या अटीचा कुणाला जाच नव्हता. देवळाला लागून जहागीरदाराचा मळा होता, त्याच्या मोटेचं पाणी देवळाच्या परसात झिरपायचं आणि तिथं भांग तणासारखी माजायची. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पाठोपाठ जहागिऱ्या गेल्या आणि मळ्यातली मोट थांबली. भांगेचं एकूण एक झाड वाळून गेलं. त्यात यंदा पाऊसही रुसला. बारवेचं पाणी तळाला गेलं, तेव्हा माणिकराव पाटलांनी वाटणीच करून दिली. घराला दोन घागरी आणि देवाच्या अभिषेकाला एक कळशी. झाडांना काही नाही.

आणि नेमकी याच पाडव्याला पाळी वैजीनाथाकडे आली.

बी त्यानं जिंतूरच्या ठेक्यातून आणलं. गांज्याचा चुरा पाखडून मूठभर निघालं. ते पेरायला त्यानं जागा निवडली ती गोमुखाखाली, देवळाच्या उत्तरेच्या भिंतीला चिकटून. अभिषेकाचं पाणी गाभाऱ्यातून तिथंच बाहेर पडतं. देवाचं झाड देवाच्याच तीर्थावर वाढेल आणि घागरही वाचेल, असा त्याचा हिशेब होता.

"अवो, तिथं हिवाळ्यात ऊन येत न्हाई," कमलबाई म्हणाली होती.

"तू नगं शिकवू."

"अन् त्या पाण्यात दूध हाय, दही हाय, मध हाय. मुंग्या लागतील. रोप कुजंल."

"देवाच्या तीर्थानं रोप कुजंल? तोंडाला काही आवर?" वैजीनाथ डाफरला. "आन् ह्या वाफ्याला शिवायचं न्हाई. सोवळ्यातला हाय."

झालं. चार पावलांवर तिचं घर, घराला लागून तिची मोरी, मोरीच्या पाण्यावर दर साली तिची मिरची-वांगी अशी यायची की बाजारात बाया आधी तिच्या पाटीकडे यायच्या. पण या वाफ्यापाशी तिनं लांब उभं राहून बघायचं! आपलीच मोरी आणि मुतायची चोरी म्हणतात, ती हीच.

बी उगवलं. इवलाली दोन-दोन पानं वर आली, तेव्हा वैजीनाथ असा चालायला लागला की जणू पाळी खिशात पडली. आठवड्यानं मुंग्यांची रांग लागली. त्यानं वाफ्यावर अंगारा फुंकला. मग मातीवर पांढरी बुरशी आली, तर ती देवाची विभूती आहे असं त्यानं बन्सीधरला ऐकवलं. बन्सीधर "व्हय, व्हय" म्हणून गालात हसला आणि रोज काही ना काही निमित्त काढून वाफा बघून जायला लागला. रोपं पिवळी पडली. मानेशी बारीक झाली आणि एकेक करून आडवी व्हायला लागली. वैजीनाथानं त्यांना आणखी तीर्थ घातलं.

कमलबाईच्या हाताला नुसती खाज सुटायची. आजारी लेकराला सासू चुकीचं औषध पाजते आहे आणि आपण दारात उभं राहून बघायचं, तसं तिचं झालं होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही हे तिला माहीत होतं. पण इथं नुसता सुंभ जळत नव्हता. तीन वर्षांची भाकर जळत होती. बन्सीधरच्या मागच्या पाळीत तीन वर्षं तीच लोकांच्या रानात खुरपं घेऊन वाकली होती, हा नव्हे. गुरवाच्या पुरुषानं रोजानं जाणं बरं दिसत नाही, म्हणून हा घरी बसून बेल निवडत होता.

"निदान तीर्थ तरी बंद करा," ती एकदा काकुळतीला येऊन म्हणाली. "माझ्या वाटणीचा तांब्या घाला. मी कमी पिते."

"तुझी सावली पडली असंल वाफ्यावर," वैजीनाथ म्हणाला. "म्हणून मरायलेत."

ती आत गेली आणि तिनं परातीवर राग काढला.

संक्रांतीच्या सुमारास त्यानं मेलेली आणि मरायला टेकलेली रोपं उपटून बाजूला भिरकावली, चार-दोन बरी दिसली तेवढी ठेवली. रोपं पडली ती कमलबाईच्या मोरीलगतच्या उकिरड्यावर. सोवळ्यातल्या वाफ्याला शिवायचं नव्हतं. उकिरड्यावर टाकलेल्याला शिवू नको, असं कुणी म्हटलं नव्हतं. तिनं पदर खोचला.

बहुतेकांची मुळं काळी पडली होती. ज्यांच्या मुळाला जरा तरी पांढरा तंतू होता ती तिनं वेचली, पिण्याच्या पाण्यात बुडवून धुतली, सडका भाग नखानं खुडला. फुटक्या रांजणाचं बूड होतं, त्यात ओढ्याची वाळू, जुनं कुजलेलं शेण आणि मोरीकडची माती कालवून भरली. रोपं मानेपर्यंत खोल पुरली, म्हणजे लवलेली मान मातीनं धरावी. बुडाशी हळद भुरभुरली. दुपारी वर पळसाचं पान, सकाळ-संध्याकाळ ऊन.

उरला प्रश्न पाण्याचा. दोन घागरींत पिणं, रांधणं, धुणं आणि भांडी. तर भांड्यांचं पाणी तिनं एका गाडग्यात धरून ठेवायला सुरुवात केली. राख तळाला बसू द्यायची, तेलाचा तवंग हातानं बाजूला सारायचा आणि वरचं निवळ पाणी ओंजळीनं मुळाशी घालायचं. वांग्यांनाही ती तेच घालायची. पाणी वांग्याला चालतं ते भांगेला का चालू नये?

तरी निम्मी रोपं पहिल्या चार दिवसांतच गेली. तिला रडू आलं, ते मेलेल्या रोपांसाठी नव्हतं. हे सगळं दिवाळीतच करता आलं असतं म्हणून. दोन रोपं तग धरून राहिली. त्यातलं एक बन्सीधरच्या शेळीनं खाल्लं. कमलबाईनं त्या शेळीला दिलेल्या शिव्या देवळाच्या शिखरापर्यंत ऐकू गेल्या असतील. उरलेल्या एकावर तिनं कोंबड्या झाकायची डाल घालून वर दगड ठेवला. ते जगलं. नुसतं जगलं नाही, माघाचं ऊन लागलं तसं फोफावलं, बोटं पसरल्यागत पानं काढून डालीला टेकलं.

गोमुखाखालचा वाफा तोवर पार साफ झाला होता. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी वैजीनाथ त्या रिकाम्या मातीपुढे उकिडवा बसला होता. दाढी वाढलेली. कमलबाईला त्याची कीव आली आणि कीव आली म्हणून स्वतःचाच रागही आला.

"उठा," ती म्हणाली. तिनं त्याला मोरीवर नेलं आणि डाल उचलली.

वैजीनाथ बघतच राहिला. खाली बसला, पानाला हात लावला, वास घेतला. मग त्यानं आजूबाजूला बघितलं. गाडगं, राख, भांडी. त्याचा चेहरा पालटला.

"कोणचं पानी घातलंस?"

"भांड्याचं."

"खरकट्या पान्यावरची भांग पिंडीवर चढवू मी? बाटवलंस की सगळं!"

"मग नका चढवू. द्या पाळी बन्सीधर भावजींला. मी खुरपं काढते उद्या." कमलबाईचा आवाज चढला. "ज्यानं हलाहल पचवलं, त्याला माझ्या भांड्याचं पानी बाधनार हाय व्हय? तुमालाच तेवढं बाधायलंय!"

वैजीनाथानं गाडगं पायानं बाजूला सारलं. मग आत जाऊन गोमूत्र आणलं, झाडावर शिंपडलं, मंत्र पुटपुटला आणि रांजणाचं बूड उचलून देवळाकडे निघाला. वळून एवढंच म्हणाला, "कुनाला बोलू नगस." कमलबाईनं मान हलवली. पाळी वाचत होती, आणखी काय पाहिजे होतं?

शिवरात्रीला गाव लोटलं. भांग चढली. हिरवीगार डहाळी पिंडीवर बघून बायांनी हात जोडले आणि बन्सीधरचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं. माणिकराव पाटील कौतुकानं म्हणाले, "वैजीनाथा, असल्या दुष्काळात हे जगवलंस कसं रे?"

वैजीनाथानं छाती पुढे काढली. "पाटील, अभिषेकाचं तीर्थ. दुसरं थेंबभर पानी घातलं न्हाई. देवानंच जगवलं."

सभामंडपाच्या खांबाआड कमलबाई उभी होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. भांड्याचं पाणी बोलू नको म्हणाला, ते तिला मान्य होतं. पण देवानं जगवलं एवढ्यावर थांबला असता तर याचं काय गेलं असतं? वर तीर्थ कशाला? आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोलताना त्याचा चेहरा असा होता, की त्याला ते खरंच वाटत होतं.

त्यानं बोलायचा अवकाश, की बाया तांबे घेऊन गोमुखाकडे धावल्या. कुणाची मिरची सुकत होती, कुणाचा कांदा. देवाच्या तीर्थावर एवढी भांग येते तर आपली रोपं का येणार नाहीत? त्या गर्दीतून छबूबाई तांब्या भरून बाहेर आली. ही कमलबाईच्या आळीतली विधवा बाई. पाऊस नाही म्हणून तिच्या वावरात काही पिकलं नव्हतं, दारात वांग्याचा एक वाफा तेवढा होता. तिची सगळी आशा त्यावर होती.

कमलबाईनं तिला बाजूला घेतलं. "छबू, हे रोपाला घालू नगस."

"कामून? तुमच्या मालकानंच सांगितलं न्हवं!" छबूबाई मोठ्यानं म्हणाली. माना वळल्या.

आता बोलावं तर पाळी जाईल, न बोलावं तर हिची वांगी. कमलबाईनं क्षणभर डोळे मिटले. मग तिनं छबूबाईच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि तोंडाला लावला. गोड, आंबूस, दुधाळ पाणी ती घटाघटा प्याली. तांब्या रिकामा करून परत दिला.

"तीर्थ पोटात घ्यायचं असतंय," ती म्हणाली. "रोपाला घातलं तर मुंग्या लागतेत, मुळं कुजतेत. रोपाला भांड्याचं पानी घाल. राख बसू दे आन् वरलं निवळ घाल."

बन्सीधर तिथंच उभा होता. "वैनी," तो लाडीगोडीनं म्हणाला, "लय बारकाईनं ठावं दिसतंय तुमाला. भांगंला बी हेच पानी होतं का?"

गाभाऱ्याच्या दारात वैजीनाथ उभा होता. त्यानं डोळ्यांनी 'नाही' म्हणायला सांगितलं. कमलबाईला समोर तीन वर्षांचं खुरपं दिसलं. शिवरात्रीचा दिवस होता, पोटात तीर्थ होतं.

"व्हय, भावजी," ती म्हणाली. "तेच. मीच घातलं. ह्यांची तर संक्रांतीलाच मेली."

एकच गलका झाला. बन्सीधरनं तिथंच पाळी मागितली. बाया कुजबुजल्या, कुणी तरी देव बाटला म्हणालं. पाटलांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि पागोटं सारखं करत बराच विचार केला.

"रीत काय म्हनती? भांग हिरवी पायजे. हिरवी हाय. देवळाच्या भुईतली पायजे. गुरवाची मोरी देवळाच्याच आवारात हाय. पानी कोनचं, हे रीतीत न्हाई. आन् चढलेली भांग उतरवायची बी रीत न्हाई." ते वैजीनाथाकडे वळले. "पाळी तुझी. पन देवापुढं खोटं बोललास, त्याचं तू बघ."

बन्सीधर पाय आपटत गेला. बायांनी तांबे तिथंच पायरीवर रिते केले. छबूबाई तेवढी कमलबाईच्या जवळ येऊन राख किती वेळ बसू द्यायची ते विचारून गेली.

गर्दी पांगल्यावर वैजीनाथ बाहेर आला. पाळी राहिली होती, पण सगळ्या गावादेखत त्याची मान खाली गेली होती आणि ती वर करणं त्याला जमत नव्हतं. तो बायकोशेजारी पायरीवर बसला. घुश्शातच म्हणाला, "तू बोलायला नगं व्हतंस."

कमलबाईनं त्याच्याकडे बघितलं. तिला वाटलं होतं आता राग निवेल, पण तो जसाच्या तसा होता.

"अवो, चार महिने झाले मी बोलायलेच," ती म्हणाली. "आज तेवढं तुमाला ऐकू आलं."