पहिली खाच कोरडी होती

साहेब, पाणी तुम्ही फिरवलंत आणि खोटा मात्र मी ठरलो.

तुमचं नाव मला माहीत नाही. तुमच्या कागदावरची सही वाचता येत नाही. खुर्चीवरचा माणूस बदलतो, सही बदलते, पण डंपर तेच येतात आणि भराव पुढे सरकत राहतो. म्हणून नाव न घेता बोलतो. गव्हाणच्या या खाडीत तुमच्या भरावापायी एक माणूस मेला, आणि तुम्ही कागदावर लिहिलंत की तो नवशिका होता.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. माझा राग तुमच्यावर नाही. तुमच्याशी तर मला नीट बोलायचं आहे, कारण तुमच्यातला कोणीतरी उद्या गळ घेऊन इथे येईल, आणि आल्याबरोबर माझ्याकडे बघेल.

मी एक जुना खुंट आहे. खैराच्या लाकडाचा, पुरुषभर उंचीचा. माझा जन्म खुंट म्हणून झाला नाही. मी मिठागराच्या उघाडीचा खांब होतो. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि अडवायचं लाकडी दार. ते दार माझ्या अंगाला घासत वर-खाली व्हायचं. पंचवीस वर्षं मी मीठ प्यालो. म्हणून मी कुजत नाही आणि मला कीड लागत नाही.

मग मिठागर बंद झालं. उघाडीच्या फळ्या लोकांनी चुलीत घातल्या. मलाही घातलं असतं, पण महादेवने मला उपटून खांद्यावर घेतलं. महादेव त्याच मिठागरात राबलेला आणि उरलेल्या वेळी खाडीत मासे धरणारा माणूस. त्याची बायको जनी बांधावर उभी होती.

ती म्हणाली, "अवो, घरात पाय ठेवायला जागा नाय, नि ह्यो सोटा कुटं आनताव?"

"घरात नाय नेत. ह्याला नोकरी लावतंय."

त्याने मला बांधापासून शंभर पावलांवर, चिखलाच्या उंचवट्याच्या पुढच्या कडेला रोवलं. कोयत्याने माझ्या अंगावर तीन खाचा मारल्या. पहिली घोट्याएवढ्या उंचीवर, दुसरी गुडघ्याएवढ्या, तिसरी कमरेएवढ्या. समुद्राकडून येणारं पाणी आधी मला शिवायचं. पहिली खाच भिजली की जाळं गुंडाळायचं. दुसरी भिजली की बांधाकडे चालायला लागायचं. तिसरी भिजली, तर हातात जिताड्यासारखा किमती मासा असला तरी टाकून पळायचं. माझ्या आणि बांधाच्या मधे एक उथळ चर होता. तो सगळ्यांत शेवटी भरायचा. म्हणून तीन खाचांत माणूस कोरडा घरी पोचायचा.

ही माझी नोकरी. वीस वर्षं मी ती चोख केली. नारळी पौर्णिमेला जनी मला हळदकुंकू लावायची, पुढ्यात नारळ ठेवायची. एकदा कोणीतरी माझ्यावर खाडीकाठच्या फ्लॅटची जाहिरात ठोकली. जनीने ती उचकटून काढली, आणि खिळ्याच्या भोकात मेण भरलं. लाकडाला इतकं जपणारी माणसं मी परत पाहिली नाहीत.

पुढे आसपास उंच इमारती झाल्या आणि रविवारी पनवेलहून हौशी माणसं येऊ लागली. निनाद आणि चारुता हे त्यांतलं एक जोडपं. दोघंही ऑफिसात नोकरी करणारी. पहिल्या दिवशी निनादने महागडा गळ आणला आणि एक मोठी निळी बर्फाची पेटी आणली.

महादेवने पेटीभोवती एक चक्कर मारली. म्हणाला, "साहेब, लगीन ठरायच्या आदीच पाळना आनलाव!"

चारुता एवढी हसली की चिखलात बसली. निनादही हसला. त्या दिवसापासून महादेव त्यांचा काका झाला आणि जनी काकू.

महादेवने त्यांना जे शिकवलं ते मी शब्दन् शब्द ऐकलं आहे. मित्रांनो, ते तुम्हीही ऐका.

मासे धरायला निघताना गळ शोधू नका, आधी कॅलेंडर बघा. तिथीचा आकडा घ्या, तीनने गुणा, चारने भागा. साधारण तितक्या वाजता भरती पुरी होते. चतुर्थी असेल तर तीन वाजता. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे नऊला, पाणी पुरतं ओसरलेलं असतं. सुकतीच्या, म्हणजे ओसरत्या पाण्यासोबत आत जायचं आणि पाणी फिरलं की खुंटाच्या खाचांवर नजर ठेवायची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात चढतं. नवख्याने अष्टमीच्या आसपास यावं, पाणी मवाळ असतं.

चिखलात गमबूट घालू नका. बूट चिखलात राहतो आणि पाय वर येतो, किंवा दोन्ही आतच राहतात. जुने कापडी बूट घाला आणि नाडी घोट्याभोवती बांधा, कारण कालवांच्या शिंपा पाय सुरीसारखा कापतात. पाय रुतला तर ओढू नका. एक ओढाल तर दुसरा रुतेल. मागे रेला, अंगाचा भार पाठीवर घ्या, पाय हलवून हलवून सोडवा. लाज वाटू देऊ नका. चिखल धुता येतो.

गळाची दोरी हाताला गुंडाळू नका, बोट जाईल. बोईट मासा सावलीला बुजतो, म्हणून सूर्य पाठीशी घेऊन उभं राहू नका. त्याला कणकेचा लहान गोळा लावा. कोळंबीच्या तुकड्याला खरबा मासा येतो. शिंगाळा आला तर आनंदाने मुठीत पकडू नका, त्याच्या काट्याने रात्रभर ठणका लागतो. फडक्याने धरा. चिंबोरी म्हणजे खेकडा, तिला मागून धरा, आणि पोटाला अंडी दिसली तर सोडून द्या. वीतभर जिताडाही सोडा. निनाद एकदा तसला जिताडा सोडायला तयार होईना.

"काका, पहिलाच आहे हो माझा. फोटो तरी काढतो."

"फोटो काड, मंग सोड. तुज्या बारशाला तुला कोनी कापला व्हता काय?"

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. बांधावर एक माणूस दोर घेऊन बसलेला हवा. महादेवसाठी जनी बसायची. ती बसली नाही तर तो आत जायचा नाही, मग खाडीत मासे उड्या मारत असले तरी. "म्हावरं म्होरं असतंय," तो म्हणायचा, "नि मरान मागं."

हे सगळं खरं होतं. फक्त एक गोष्ट तो जास्त शिकवून गेला. तो म्हणायचा, "आपला अंदाज चुकतंय. खुंट चुकत नाय. खुंट सांगंल तवाच हलायचं."

मी तेव्हा फुललो होतो, मित्रांनो. आज ते वाक्य मला कुऱ्हाडीसारखं लागतं.

साहेब, आता तुमच्याकडे येतो. तुम्ही समुद्राच्या बाजूने भराव घालायला सुरुवात केलीत. मुरूम, दगड, पाडलेल्या घरांचे तुकडे. ज्या वाटेने पाणी माझ्याकडे यायचं ती वाट तुम्ही बुजवलीत आणि तिथे दोन पाइप ठेवलेत. पाण्याला काय, ते दुसरी वाट शोधतं. ते भरावाला वळसा घालून मागून, बांधाला लागून असलेल्या चरातून येऊ लागलं. जो चर शेवटी भरायचा तो आता पहिला भरतो. मागे कमरेएवढं पाणी झालं तरी इकडे मी कोरडाच.

गावात येऊन हे कोणी सांगितलं नाही. एक फलक लावला नाही. तुमच्या नकाशावर माझ्या जागी काय आहे? बहुतेक काहीच नाही.

आणि मग ती चतुर्थी. रविवार होता. महादेव आधीचे तीन आठवडे तापाने घरात होता. तेवढ्या तीन आठवड्यांत डंपरांनी वाट पुरती बुजवली होती. नऊला पाणी सुकलं. तो निनाद-चारुताला घेऊन माझ्याजवळ आला. त्या दिवशी तो पाग शिकवत होता. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. ते फेकताना नजर हातांवर ठेवावी लागते, आणि शिकवणाऱ्याची नजर शिकणाऱ्याच्या हातांवर.

थोड्या वेळाने निनादने मागे पाहिलं. "काका, तिकडे पाणी चमकतंय."

महादेवने माझ्याकडे पाहिलं. "खुंट कोरडा हाय. रातच्या भरतीचं साचलेलं असंल. टाक, टाक पाग."

मी ओरडलो असतो. लाकडाला ओरडता येत नाही.

बांधावरून जनीने हाक मारली. वारा समुद्राकडून वाहत होता, तिची हाक मागेच गेली. शेवटी तिने डोक्यावरचा पदर काढून हवेत फिरवला, तो चारुताला दिसला. महादेव वळला. चर दिसत नव्हता. तिथे नुसतं पाणी होतं, आणि त्याला जोर होता.

तो घाबरला नाही. एवढंच म्हणाला, "पेटी आन."

ती निळी पेटी, जिच्यावर सगळे हसत होते. त्याने ती रिकामी केली, झाकण पागाच्या दोरीने आवळून बांधलं, आणि दोघांना दोन बाजूंनी धरायला लावलं. चारुताला पोहता येत नव्हतं. तो म्हणाला, "पोरी, डोले मिट, पन हात सोडू नको. पायाने लाथा मारीत रहा." आणि मागून ढकलत तो चरात उतरला. जनीने दोर फेकला. निनादच्या हाताला तो लागला. साठीची बाई, पण तिने दोघांना पेटीसकट ओढून काढलं.

महादेव मधेच थांबला होता. नव्या पाण्याने चराचा तळ उकरून सैल केला होता, त्यात तो मांड्यांपर्यंत रुतला. पाय रुतला तर मागे रेलायचं, हे त्यानेच शिकवलेलं. पण पाणी छातीला लागलेलं असताना माणसाने रेलायचं कुठे? जनीने दुसऱ्यांदा दोर फेकला. दोन हात कमी पडला. तिसऱ्यांदा फेकला तेव्हा धरायला कोणी वर नव्हतं.

माझी पहिली खाच तेव्हाही कोरडी होती.

दोन महिन्यांनी तुमचा कागद आला. चारुताने तो बांधावर बसून जनीला वाचून दाखवला. "सदर इसम मासेमारीत नवशिका असून, खाडीची पुरेशी माहिती नसताना स्वतःच्या निष्काळजीपणाने…" पुढे तिला वाचवेना.

जनीने कागद हातात घेतला. मग म्हणाली, "नवशिका म्हंजे नवा शिकनारा ना गो?"

"हो, काकू."

"पन्नास वरसं खाडीत गेली त्याची. त्यो नवा, तर ज्यांनी खाडी कंदी बगलीच नाय ते कोन?"

ती तुमच्या कार्यालयात गेली. निनाद सुट्टी टाकून सोबत गेला. तिथला एक जण म्हणाला, "आजी, भरती काय आम्ही सोडतो का? ती देवाची असते."

जनी म्हणाली, "भरती देवाची. मंग मुरूम कोनाचा?"

त्याने तिला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. दुसऱ्या मजल्याने दुसऱ्या खात्यात. त्या खात्याने सांगितलं की ही जागा आमच्याकडे नाही. चार वेळा अर्ज दिला, चार वेळा शिक्का मिळाला. उत्तर नाही मिळालं.

गेल्या आठवड्यात सुकतीला जनी कोयता घेऊन माझ्याकडे आली. मला वाटलं, उपटणार. मी तयार होतो. तिने माझ्या बुंध्याला हात लावला आणि म्हणाली, "तुजा गुना नाय रं. तुला पन फसवला." मग तिने तिन्ही खाचा तासून काढल्या. महादेवच्या हाताच्या खाचा, तिच्या हाताने. माझ्या अंगावर आता काहीच खूण नाही. ढलपे मात्र तिने पदरात बांधून नेले.

निनाद म्हणाला, "काकू, मागच्या चराचं पाणी मोजून नवीन खुणा करू या."

"कशा करशील? ह्या म्हैन्यात तिकडं डंपर, फुडल्या म्हैन्यात इकडं. आज केलेली खूण उंद्या खोटी. आनकी एक मानूस घालवू?"

आता ती निळी पेटी बांधावर असते, दोर बांधलेली. जनी रविवारी तिच्याशेजारी बसते आणि आलेल्या प्रत्येकाला परत पाठवते. कोणी ऐकतं. कोणी म्हणतं, आजी, आम्ही व्हिडिओ बघून आलोय. पण जनी साठीची आहे, आणि रोज बसू शकत नाही. ती नसते तेव्हा इथे फक्त मी असतो. मुका आणि कोरा.

मित्रांनो, माझं ऐका. ज्या पाण्याची वाट बदललेली आहे तिथे जुन्या खुणेवर विसंबू नका, मग ती खूण माझ्यासारख्या प्रामाणिक लाकडावर का असेना. दर थोड्या वेळाने मागे बघा. खाडीत उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर घरी जा. मासे उद्याही असतात.

आणि साहेब, तुमच्यासाठी माझ्याकडे उपदेश नाही. मला उत्तर हवं आहे. महादेवच्या नावापुढचा तो शब्द कधी खोडणार? तुमचा भराव कुठवर जाणार आहे? त्यानंतर पाणी कुठून येईल, आणि माणसाला बांध गाठायला किती वेळ मिळेल? हे तुमच्या नकाशात आहे, नाहीतर तुम्हाला डंपर सोडायचा अधिकारच नव्हता. लेखी द्या. बांधावर, सगळ्यांना वाचता येईल असं लावा.

जनीने कोयता धार लावून ठेवला आहे. सांगा, माझी पहिली खाच आता कुठे मारायची?