'ओलं प्लास्टर'चा शेवट

आमच्या यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत आहे. नवा चित्रपट, चौकात बसवलेला पुतळा, अर्थमंत्र्यांचं भाषण, कुणाचं तरी चित्रप्रदर्शन. सकाळचा चहा निवायच्या आत फोनवर मत पडलेलं असतं. धंदा कवळ्या करायचा. मागच्या खोलीत बसून लोकांचे दात घडवायचे आणि मधूनमधून फोनवर कुणाचे तरी दात घशात घालायचे. घरात मात्र भाजी कशी झाली म्हणून विचारलं तरी नुसतं "हं". तेही फोनकडे बघून.

त्यांची गोम मला ठाऊक होती. हे चित्रपट बघतच नाहीत. दहा जणांनी लिहिलेलं वाचायचं आणि अकरावं आपलं ठोकून द्यायचं. एकदा मी टोमणा मारला तर म्हणाले, "सगळेच तसं करतात. थांब, दाखवतोच तुला." आणि बसल्या जागी नसलेल्या चित्रपटाबद्दल लिहिलं. नाव दिलं 'ओलं प्लास्टर', कारण कवळीच्या साच्याचं तेच हाताला लागलं होतं. 'पूर्वार्ध संथ, पण शेवट अंगावर येतो.' एवढंच.

तासाभरात प्रतिक्रिया यायला लागल्या. 'अगदी खरं.' 'शेवट बघून रात्रभर झोप नाही.' आम्ही दोघं पोट धरून हसलो. कित्येक दिवसांनी एकत्र हसलो, म्हणून मला तर तो चित्रपट आवडूनच गेला होता.

मग एकीनं लिहिलं, 'कवळ्या करणारा नायक पहिल्यांदाच पाहिला.'

यांनी कवळ्यांचं कुठेच लिहिलं नव्हतं. कुणीतरी ओळखीचा चावटपणा करतोय म्हणून आम्ही सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी कुणी मागच्या खोलीतल्या गुलाबी मेणाच्या पट्ट्यांबद्दल लिहिलं, कुणी खिडकीच्या मोडक्या कडीला बांधलेल्या माझ्या ओढणीच्या चिंधीबद्दल. सगळे अनोळखी. आणि भांडत होते ते बायकोच्या भूमिकेवरून. एकाला ती फारच सोशिक वाटली. एक म्हणाली, 'ती नळ सोडून रडते ते मला बघवलं नाही.'

हे फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. "तू नळ सोडून रडतेस?"

"भांडी घासायला नळ सोडावाच लागतो," मी म्हटलं. पण ही गोष्ट जगात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

त्यानंतर आम्हाला एकच घोर लागला. शेवटी त्या बायकोचं होतं काय? लोक नेमकं तेवढंच गाळत होते. 'ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी शेवट सांगू नका', असं एकमेकांना बजावत होते आणि वर 'बिचारी', 'तिच्यासाठी जीव तुटला' असं लिहीत होते. यांनी आडून आडून विचारून पाहिलं, तर उत्तर आलं, 'अहो, सगळ्यांत आधी तर तुम्हीच पाहिलात.'

मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? जिना उतरताना कठडा धरायला लागले. गॅस बंद केला तरी परत जाऊन बघत होते. हे रात्रंदिवस त्या प्रतिक्रियांत डोकं घालून बसलेले.

रविवारी दुपारी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं आणि लिहून टाकलं, 'असा चित्रपटच नाही. मी आजवर एकही चित्रपट न बघताच मतं दिली. हात जोडतो, शेवट सांगा.' एवढी जपलेली अब्रू त्यांनी स्वतःच्या हातानं वेशीवर टांगली.

उत्तर लगेच आलं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं. 'हेच तर तो लिहितो, जेवणाच्या टेबलावर. मग मान वर करून बायकोकडे बघतो. बस, पुढचं सांगत नाही.'

त्यांची मान खालीच राहिली.

संध्याकाळ झाली तरी खालीच. फरशीकडे बघत हात धुवायला गेले, तसेच परत येऊन बसले. फोन बंद करून पालथा घातला होता.

"मी बघत नाही तोवर शेवट सुरू होत नाही," ते टेबलाला म्हणाले.

"आणि असं किती दिवस?"

"जमेल तितके. तुला काही होता कामा नये."

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं माझ्यासाठी असं काही केलं नव्हतं. मला रडू आलं, आणि या वेळी मी उठून गेले नाही. समोर बसून रडले. त्यांनी ते ऐकलं, टेबलाची कड घट्ट धरली, पण बघितलं नाही. आजवर बघत नव्हते ते फोनपायी, आता बघत नाहीत ते मायेपायी. टेबलाच्या माझ्या बाजूनं दोन्ही सारखंच दिसतं.

मी उठले आणि त्यांच्या खुर्चीपाशी गेले.

"अहो, बघा माझ्याकडे."

"नको."

"काय व्हायचं ते होऊ दे. बघा."

मी त्यांच्या हनुवटीखाली हात घालून मान वर उचलली. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. ते उघडायची वाट बघत मी तशीच उभी राहिले.