एक जूनची माणसं

"जन्मतारीख कोरी ठेवली का मशीन कार्ड फेकून देते. काहीतरी टाक ना," वामनराव वैतागले.

"कामगारायलेच मालूम नाई साहेब, तर मी काय टाकू?" ललिताने विचारले.

"एक जून टाक. शाळेत मास्तर तेच टाकतात. साल मी तोंड पाहून सांगतो."

सहासष्ट साली अकोल्यातल्या त्या कापड गिरणीत कार्डांवरून हिशेब छापणारे यंत्र आले होते. बोर्डावरच्या तारा कशा जोडल्या की कागदावर तारखा उमटतात, हे वामनराव मुंबईहून शिकून आले होते. यंत्राचे ते नव्या जावयासारखे लाड करत. मॅट्रिक झालेली ललिता कार्डांना भोके पाडून त्यांत कामगारांची माहिती भरायची.

कामगार एकेक करून खिडकीशी येऊ लागले. वामनराव वर बघत आणि साल सांगत. बैलाचे दात पाहणारे गिऱ्हाईकसुद्धा याहून जास्त वेळ घेते.

दुपारी डोमाजी आला. गोदामात रुईच्या गाठी ओढणारा, ललिताचा बाप. त्याने तोंड उघडण्याआधीच वामनराव म्हणाले, "एकोणीसशे सहा."

साठी उलटलेल्यांना घरी बसवायचे ठरले होते, हे ललिताने कालच ऐकले होते.

"साहेब, पन्नाशीच्या पुढं नाई तो. उन्हानं तसा दिसते."

"बाप हाय म्हणून सांगून राहिली का?"

तिने कळा दाबल्या. कार्डाला भोके पडली.

संध्याकाळी यंत्र खडखडू लागले. कागदावर एक जून, एक जून, एक जून उतरत गेले. ललिताला त्या आवाजाची भीती वाटली. वामनरावांनी दोन तारा उपसून दुसरीकडे खोचल्या, तशी फक्त साठीपलीकडची नावे येऊ लागली. डोमाजीचेही आले.

शनिवारी त्याला घरी बसवण्याच्या कागदावर सहीसाठी बोलावले.

"बा, इथं सही कर," ललिता कशीबशी म्हणाली.

त्याने कागद न्याहाळला. "हे तारीख कोनाची?"

"तुही."

"माही नाई." तो वामनरावांकडे वळला. "साहेब, जातो मी घरी. पन जलमाची तारीख मले मालूम हाय. चौदा ऑक्टोबर छप्पन, नागपूरले. त्या दिवशी आमी बौद्ध झालो. त्याच्या आंधी जगलो, ते काई जिनं नोतं."

"म्हणजे तू दहा वर्षांचा?" वामनराव हसले.

"हो," डोमाजी म्हणाला. तो हसला नाही. रात्रशाळेत शिकलेल्या अक्षरांत त्याने नाव लिहिले आणि खाली तीच तारीख घातली.

"अरे, तिथं आजची टाकायची असते!" वामनरावांनी खोडायला पेन उचलला.

ललिताने कागद त्यांच्या हाताखालून ओढला आणि त्यांना न विचारता फायलीत लावून टाकला.