थापी इथेच आहे

गवंड्याची थापी घरात होती, गवंडी नव्हता.

बाथरूमच्या उखडलेल्या जमिनीवर थापी पडली होती आणि तिच्या शेजारी ओळंबा, त्याची दोरी अगदी नीट गुंडाळलेली. सकाळी चहाचा कप घेऊन थोरली त्या दोघांसमोर उभी राहायची. जाताना गवंडी गोड हसून म्हणाला होता, "ताई, थापी इथेच ठेवतो. हत्यार सोडून मी कुठे जाणार? उद्या येतोच." तो उद्या काही उजाडला नाही. वाळूच्या ढिगावर शेजारच्या मांजरीने संसार थाटला, उघड्या पोत्यातल्या सिमेंटचा दगड झाला, आणि थोरलीने गवंड्याचं नाव ठेवलं उद्याराव.

ती आप्पांची थोरली मुलगी. आई गेल्यापासून आप्पा तिच्याकडेच राहायचे. बाथरूमचा उंबरा चार बोटं उंच. त्याला पाय अडकून आप्पा पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चालायला वॉकर आला, पण वॉकरला चार बोटं म्हणजे डोंगरच. म्हणून ठरलं की उंबरा काढायचा, जमीन सपाट करून घ्यायची आणि तोवर आप्पांनी धाकट्या मुलाकडे राहायचं. धाकट्याचं घर लहान. आप्पांची घडीची खाट दाराजवळच्या बोळात पडली. येणारा-जाणारा त्यांच्या गुडघ्यांना "सॉरी हं" म्हणत अंग चोरून जायचा.

रोज सकाळी आप्पांचा फोन यायचा.

"झालं का गं?"

"होत आलं, आप्पा."

"होत आलं म्हणजे? बाथरूम बांधतेयस की धरण?"

मागून धाकट्याची बायको मधाळ आवाजात म्हणायची, "सावकाश होऊ द्या हं वन्सं, आमची काही घाई नाही." त्या 'घाई नाही'मध्ये काय काय भरलेलं असायचं, ते थोरलीला इकडे बसून मोजता यायचं.

तिचा नवरा मात्र शांत. आंघोळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चादरीच्या आडोशाला चालली होती. तिथूनही तो गुणगुणत बाहेर यायचा. "चांगलं बघायला शिक गं. वाळू आली की नाही? उंबरा फुटला की नाही?"

"आणि माझं डोकं? तेही फुटलं की धर त्यातच."

"दीर्घ श्वास घे."

"श्वास घेतला की सिमेंट जातं नाकात!"

नवऱ्याने भोकाभोकाच्या भिंतीवर एक कागद चिकटवला होता: 'संयम ठेवा, घर हसेल.' घर हसत नव्हतं. रात्रंदिवस पांढरी धूळ सांडत होतं, उशीवर, पुस्तकांवर, पिठाच्या डब्याच्या झाकणावर.

त्या सकाळी फोन आला तो आप्पांचाच. पण प्रश्न आला नाही. हवा कशी आहे, नातवंडं कशी आहेत, एवढंच. थोरली वाट बघत राहिली. शेवटी तीच म्हणाली, "आप्पा, अजून जरा..."

"राहू दे गं. इथं काय वाईट आहे?" आवाज मऊ होता. ओल्या कापडासारखा मऊ. "आणि ऐक, माझी ती खुर्ची देऊन टाक कुणाला तरी. तुझ्या सामानाला जागा तरी होईल."

फोन ठेवला गेला.

खिडकीपाशी आप्पांची वेताची खुर्ची होती. तिच्यावर फरशीची खोकी रचलेली. त्या वजनाने खुर्ची बिचारी एका अंगाला कलली होती, जसे आप्पा हल्ली कलून उभे राहायचे. थोरली तिच्याकडे बघत राहिली आणि भडकली. आरडाओरडा करणारे आप्पा तिला चालत होते, टोमणे मारणारे चालत होते. हे समजूतदार आप्पा कुणी पाठवले? माणूस चिडेनासा झाला म्हणजे त्याने आतून बांधाबांध सुरू केली.

तिने गवंड्याला फोन लावला.

"ताई, उद्या नक्की! जरा धीर धरा."

तिने धीर खाली ठेवला आणि थापी उचलली. ओळंबाही पिशवीत टाकला, पायात चप्पल सरकवली आणि निघाली. दोन गल्ल्या पलीकडे हिरव्या फाटकाच्या घरी आपलं 'थोडंसं काम' आहे, असं तो बोलता बोलता म्हणून गेला होता. तिच्या आईला काम करताना ओळी सुचायच्या. थोरलीला रागात सुचायच्या, चालीच्या ठेक्यावर:

*उद्या येतो म्हणे, उद्याला नाही दार,*
*माझ्या बापाच्या वाटेत उंबरा बोटं चार.*

हिरव्या फाटकाच्या घरी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई अंगणात बादलीपुढे बसून भांडी घासत होत्या. आत स्वयंपाकाचा ओटा नव्हता; होती ती फक्त ओट्याची खूण.

"गवंडी आहेत का?" थोरलीने विचारलं.

"येणारच आहेत," बाई म्हणाल्या. "फरशी कापायचं मशीन इथेच ठेवून गेलेत ना. हत्यार सोडून कुठे जातील?"

थोरली पायरीवर मटकन बसली. मग पिशवीतून थापी काढून तिने बाईंपुढे धरली. बाईंनी थापीकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं, हातातली कढई पाण्यात सोडली.

"असं आहे होय!" बाईंचा वर्गातला आवाज परत आला. "थांबा, मी मशीन घेते. त्यांचं आणखी एक काम चालू आहे, ते तिसरं घर मला माहीत आहे."

तिसरं घर गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर होतं. दार उघडंच. गरम पाण्याच्या नळासाठी बाथरूमची बाहेरची भिंत फोडलेली, त्या भगदाडातून वारा आत शिरत होता. कडेवर तान्हं बाळ घेतलेली एक मुलगी रडकुंडीला येऊन ओरडत होती, "अहो, ते माझं उलथनं आहे!"

आणि खरंच, उद्याराव स्टुलावर उभा राहून उलथन्याने भिंतीला गिलावा करत होता. त्याच्या हत्यारांपैकी सपाटी बघायची पाणसळ तेवढी या घरात होती. थापी कुठे असणार? ती तर थोरलीच्या घरी विश्वास सांभाळत बसली होती!

दारात थोरली, तिच्यामागे मशीन कवटाळलेल्या बाई. गवंड्याच्या हातातलं उलथनं जागच्या जागी थांबलं.

"ताई! मी उद्या तुमच्याकडेच..."

"उद्याचं नाव काढलंत तर हे स्टूल काढून घेईन."

"तसं नाही हो. प्रत्येकाला वाटतं, माझं काम सुरू राहावं. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही कसं म्हणू? तुम्ही जरा धीर धरा..."

"धीर मी धरलाय!" थोरलीचा आवाज भगदाडातून रस्त्यावर गेला. "केव्हाचा धरून बसलेय. आता थापी तुम्ही धरा! तिघींकडे एकेक हत्यार ठेवलंत आणि तिघींचं घर उघडं ठेवलंत. नाही म्हणायला जीभ जड होते तुमची, म्हणून माझ्या बापाने बोळात झोपायचं? त्याला फोनवर रोज खोटं मी सांगतेय, तुम्ही नाही!"

गवंडी खाली उतरला. मान खाली घालून उभा राहिला. बाळ तेवढ्यात शिंकलं, एकदा, परत एकदा.

"हत्यारं एका पिशवीत," बाई म्हणाल्या. "पिशवी एका घरी. तिथलं पूर्ण झालं की पुढच्या घरी. कळलं?"

"कळलं, बाई."

"पहिलं कुठलं?"

थोरली सगळं ओढून न्यायलाच आली होती. 'माझं!' हा शब्द ओठांवर आलाही होता. पण वारा सरळ बाळाच्या टोपड्यावर येत होता आणि भिंतीचं काम थोडंच उरलं होतं. आपल्याला असं वाटावं याचाच तिला भयंकर राग आला.

"आधी हे भगदाड बुजवा," ती दात-ओठ खात म्हणाली. "मग माझा उंबरा."

"माझी भांडी थांबतील," बाई म्हणाल्या. "त्यांना वारा लागत नाही."

बाळाच्या आईने आपलं उलथनं परत घेतलं आणि थोरलीकडची थापी गवंड्याच्या हातात दिली.

जिन्यातच थोरलीने आप्पांना फोन लावला.

"आप्पा, आज विचारलं नाहीत तुम्ही."

"काय विचारायचं आता?"

"झालं का, ते."

पलीकडे आप्पांनी खाकरून घसा साफ केला. मग नाइलाजाने, "झालं का?"

"नाही झालं. काहीसुद्धा झालेलं नाही. इतके दिवस मी थापा मारत होते. पण आता खरं सांगते, आपला नंबर दुसरा आहे. आधी एका तान्ह्या बाळाची भिंत."

"दुसरा?" खाट करकरली. "माझी पोरगी असून दुसरा नंबर घेऊन आलीस? भांडता आलं नाही तुला?"

"भांडूनच दुसरा मिळाला, आप्पा. भांडले नसते तर नंबरच नव्हता."

"कोण आहे तो गवंडी? नंबर दे त्याचा! मी बोलतो त्याच्याशी. बाळाचं होऊ दे आधी, ते ठीक आहे. पण त्यानंतर एक दिवस इकडेतिकडे झाला ना..." ते धापा टाकत थांबले. मग एकदम खेकसले, "आणि माझी खुर्ची? दिलीस की काय कुणाला?"

"तुम्हीच म्हणालात, देऊन टाक."

"मी म्हणेन! तू लगेच ऐकायचंस होय?"

थोरलीने जिन्याच्या कठड्याला धरलं. ती तितक्याच तिरसटपणे म्हणाली, "नाही दिली. खिडकीतच आहे. ओरडू नका."

"मग पूस ती. धुळीत बसवशील मला."

घरी येऊन तिने पदर खोचला. फरशीची खोकी एकेक करून खुर्चीवरून खाली उतरवली आणि फडका ओला केला.