उसवलेली बाही

मॅडमनी टेबलावरच्या नवव्या फोटोवर बोट ठेवलं. "हा कोट कुणाचा?"

मुलगी वाकून फोटो बघू लागली.

"आठ महिने त्या शिंप्याच्या दुकानात बसतेस आणि कोट कुणाचा ते ठाऊक नाही? फोटोखाली काय लिहिणार, 'एक कोट'?"

डॉक्युमेंटरी फोटोग्राफीच्या एम. ए.चं तिचं हे शेवटचं वर्ष. तिथे फोटो एक वेळ हललेला चालतो, त्याखालची ओळ हलता कामा नये. कोण, काय करतोय, कुणासाठी, सगळं खरं हवं. मुद्दाम घडवून आणलेला एक फोटो सापडला, तरी पूर्ण काम बाद आणि वर्ष गेलं.

खोलीवर येऊन तिने सगळे फोटो तारखेनुसार कॉटवर मांडले. कॉटवर जागा भरपूर होती, आणि कुणी येऊन विस्कटेल ही भीतीही नव्हती. या शहरात तिच्याशी आपणहून बोलणारं म्हणजे फोनवरची आई. "जेवलीस का?" "हो." एवढ्यावर दोघींचं भागायचं.

पहिल्या फोटोत कोटाला उजवी बाही होती. चौथ्यात नव्हती. नवव्यात ती पुन्हा आली आणि पंधराव्यात पुन्हा गायब. कॉलरखालचं ठिगळ मात्र सगळीकडे तेच. म्हणजे आठ महिने हा एकच कोट.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात गेली. शिंपीकाकांनी नेहमीसारखा कोट मांडीवर घेतला.

"आलीस का फोटोवाले? बस."

"काका, हा कोट कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचा."

"आठ महिने कुणी न्यायला आलं नाही?"

काकांनी बोटातलं अंगुस्तान काढून डबीत टाकलं. सुई मात्र हातातच राहिली.

"माझाच आहे," ते म्हणाले. "लोक हल्ली तयार कपडे घेतात. इथं कोण फिरकतंय? तू पहिल्या दिवशी म्हणालीस, मी इथं नाहीच असं समजा, तुमचं काम चालू द्या. आता चालू द्यायला काम तर हवं ना. मग तू गेलीस की बाही उसवायचो, आलीस की जोडायला घ्यायचो."

तिला रडूही येईना आणि रागही येईना. "याला नाटक म्हणतील, काका. माझं वर्ष जाईल."

"मग गिऱ्हाइकाचा आहे असं लिही. मी कुठं कुणाला सांगायला जातोय?"

लिहिणं सोपं होतं. कुणाला पत्ताही लागला नसता. तिने वही काढली, बराच वेळ पेनचं टोपण चावलं आणि मग उभ्या उभ्याच लिहून मोठ्याने वाचलं, "'शिंपी, स्वतःच्याच कोटाची बाही जोडताना. दुकानात काम उरलेलं नाही. फोटो काढणारी मुलगी येत राहावी म्हणून तो ही बाही पुन्हा पुन्हा उसवतो.'"

काकांनी मान खाली घालून ऐकलं. बाहेर कुणीतरी दुकानासमोर थांबलं, काचेत बघून केस सारखे केले आणि पुढे गेलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "पण अर्धंच."

"म्हणजे?"

"तुला फोटो किती लागत होते?"

"वीस."

"ते कधी झाले?"

तिने वहीची पानं मागे उलटली. "तिसऱ्या महिन्यात."

काकांनी कोट बाजूला ठेवला आणि स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं.

"मग तेही लिही," ते म्हणाले. "आणि बसून लिही, उभ्याने अक्षर वाकडं येतं."