वर पांढरी, खाली लाल

सलग चौथ्या दिवशी विब्रन काकांनी तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीला डोळा लावला आणि सलग चौथ्या दिवशी तेच म्हणाले, "नाही आली. यंदा काही ती येत नाही बघ."

जिल्डू मांडीवर वही घेऊन गप्प बसली. गप्प बसणं हा काही तिचा स्वभाव नव्हे. या महिन्यातच बडबडीपायी तिला दोनदा वर्गाच्या दारापाशी नेऊन बसवलं होतं. पण आज तिच्याकडे एक गोष्ट होती. सांगावी तर पंचाईत, न सांगावी तर त्याहून पंचाईत.

बांधापलीकडे पक्ष्यांसाठी मुद्दाम पाणी सोडलेली कुरणं चकाकत होती आणि त्यांत शेकडो ग्रुटो उतरले होते. तांबूस मानेचे, काटकुळ्या पायांचे. आफ्रिकेतल्या भातखाचरांतून उडत आलेले ते पक्षी आपल्या लांबलचक चोची चिखलात खुपसून आधी पोटाचं बघत होते. कित्येकांच्या पायांत ओळखीसाठी घातलेल्या रंगीत कड्या होत्या. रोज शाळेआधीचा तासभर काका रंग सांगायचे आणि शेजारची जिल्डू लिहून घ्यायची. मग ती यादी फोनवरून, पक्ष्यांना कड्या घालणाऱ्या कार्यालयाला पाठवायची. तिकडून कळायचं, कोण कुठला, किती वर्षांचा.

'ती' म्हणजे अकरा वर्षांपूर्वी काकांच्याच कुरणात अंड्यातून बाहेर आलेली मादी. तेव्हा काकांच्या गायी होत्या, त्यांना चारा लागायचा, तरी घरट्याभोवतीचं गवत त्यांनी कापलं नव्हतं. अख्खं गाव हसलं होतं. कड्या घालताना ते पिल्लू काकांनीच ओंजळीत धरलं होतं. डाव्या पायात वर पांढरी, खाली लाल. दर मार्चमध्ये ती दिसली की काका त्या दिवशी साखरेचा पाव दुप्पट खायचे. नाव मात्र ठेवलं नव्हतं. "नाव ठेवायला ती काय गाय आहे?" म्हणायचे.

तर ती गोष्ट अशी. सोमवारपासून कार्यालयाचं एकच उत्तर तीनदा आलं होतं: 'वर पिवळी, खाली लाल' अशी जोडी आम्ही कुठल्याच पक्ष्याला घातलेली नाही. "त्या पोरांना आधी कॉम्प्युटरपुढून उठवा," म्हणत काकांनी विषय मिटवला होता. पण काल काका कॉफी ओतत असताना जिल्डूने सहज दुर्बिणीतून पाहिलं. त्यांनी नुकताच 'वर पिवळी' म्हणून सांगितलेला तो पक्षी तिथेच उभा होता. त्याची वरची कडी दुधासारखी पांढरी होती.

म्हणजे ती आली होती. पण हे सांगायचं, तर काकांचा डोळा गेला हेही सांगणं आलं. आणि काकांची नजर म्हणजे गावात शेवटचा शब्द.

"वही मीट, पोरी," काका म्हणाले. "वय झालं होतं तिचं. वाटेत कुठेतरी पडली असेल." शेवटची गाय विकली त्या दिवशी त्यांचा आवाज असा झाला होता. ते तिपाईचे पाय आखडू लागले. "उद्यापासून मी नाही येत."

जिल्डूने तिपाई धरली. "काका, ती आलीय. त्या खांबापाशी उभी आहे."

काकांनी घाईघाईने दुर्बिणीला डोळा लावला, मग मान हलवली. "ही पिवळी. लिहिलीय की तू."

"उजव्या डोळ्याने पिवळी. डाव्याने बघा."

"चाळीस वर्षं मी उजव्यानेच बघतोय."

"मग दमला असेल तो."

"परवापर्यंत तुला बदक आणि पाणकोंबडी ओळखता येत नव्हती, आणि मला डोळ्यांचं शिकवतेस?"

"नव्हतीच येत," जिल्डू म्हणाली. तिचे कान तापले होते, पण आवाज ठाम होता. "तेव्हा तुम्ही माझी भीड ठेवली होती का?"

टोपी मागे सरकवून, मान अवघडत वाकवून काकांनी डावा डोळा लावला. बराच वेळ. मग उजवा. मग पुन्हा डावा.

"कधीपासून आहे ही इथे?"

"सोमवारपासून."

"चार दिवस ही माझ्यापुढे उभी, आणि मी हिचं सुतक पाळतोय." त्यांचे खांदे हलायला लागले. हसताहेत की काय, ते जिल्डूला कळेना, म्हणून तिने नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"डॉक्टरकडे जावं लागणार," टोपी पुढे ओढत ते म्हणाले.

"मी येते बरोबर."

"तू शाळेत जा." मग दुर्बीण सारखी करत म्हणाले, "दुपारची वेळ घे. शाळा सुटल्यावरची."

ते पुन्हा वाकले आणि डाव्या डोळ्याने, चाचपडत, पुढच्या पक्ष्याच्या कड्या वाचू लागले. "वर निळी, खाली पिवळी." मग कधी नव्हे ते त्यांनी हळूच विचारलं, "बरोबर ना?"

जिल्डू न बघताही हो म्हणाली असती. पण तिने काकांना बाजूला सरकवलं, नीट दोनदा पाहिलं आणि मगच हो म्हणाली.