हिरव्या नदीचा नकाशा

बोट जरा हळू ठेवा हो! मी बोलतोय, स्टेशनबाहेरचा जुना नकाशा. पत्र्याचा असलो म्हणून काय झालं? ‘तुम्ही इथे आहात’ असं माझ्यावर जिथे लिहिलंय, तिथेच जो येतो तो आधी बोट टेकवतो. आपण कुठे उभे आहोत हे माणसाला पक्कं ठाऊक असतं, तरी त्याला खात्री करून हवी असते. तिथला रंग कधीच उडून गेलाय.

माझा जन्म पोलादाच्या कारखान्यातला. कारखाना बंद पडला, तेव्हा साहेबांच्या डोक्यात आलं की आता लोकांना हे शहर बघायला बोलवावं. विझलेली भट्टी आहे, जुन्या भोंग्यांचं संग्रहालय आहे, सरहद्दीवरचा पूल आहे. पुलाच्या मधोमध एक रेघ आहे. तिच्या अल्याड एक पाय आणि पल्याड एक पाय ठेवून लोक फोटो काढतात. त्यात काय गंमत असते, हे मला आजवर कळलेलं नाही.

मला रंगवायचं काम कारखान्याच्या पेंटरकडे आलं. त्याने जन्मभर नळ रंगवलेले. कारखान्यात पाण्याचा नळ हिरवा, वाफेचा चंदेरी, गॅसचा पिवळा. त्यात गफलत झाली तर माणूस जिवानिशी जायचा. तेव्हा त्याने नदी काढली ती हिरवीगार.

“अहो, नदी निळी असते!” साहेब म्हणाले.

“निळा म्हणजे हवा, साहेब. पाण्याला हिरवाच.”

वर त्याने कुणी न सांगता नदीकाठचं पंपघरही काढलं. का, तर पंपघराशिवाय पाणी वर चढणार कसं? साहेबांनी कपाळावर हात मारला आणि मला स्टेशनबाहेर उभं केलं.

गावच्या लोकांना यात काही वावगं दिसलं नाही. निम्मं गाव कारखान्यातलंच, हिरवं दिसलं की पाणी म्हणूनच वाचायचं. फजिती व्हायची ती पाहुण्यांची. शहराला वळसा घालणारी हिरवी पट्टी बघून ते डबे आणि सतरंजी घेऊन बागेत म्हणून जायचे आणि घोट्यापर्यंत चिखल घेऊन परत यायचे. मग माझ्या शेजारच्या चौकशीच्या खिडकीवर भांडण. त्या खिडकीत बसते पेंटरचीच मुलगी. बापाने रंगवायचं आणि लेकीने ऐकून घ्यायचं, असं वीस वर्षं चाललं.

मला मात्र ती भांडणं आवडायची. या शहराची प्रत्येक जागा माझ्या अंगावर आहे, पण मी एकही पाहिलेली नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या बोलण्यात नाक खुपसायची मला खोड लागली. लोक परत आले की मी कान टवकारायचो.

शेवटी मुलीनेच नवा नकाशा मागवला, निळ्या नदीचा. पेंटरला ते लागलं. तरी नवा बसवायचा त्या दिवशी तो बाकावर येऊन बसला. फिटरने माझे दोन बोल्ट काढलेही होते, तेवढ्यात सरहद्दीपलीकडच्या एक बाई आल्या. साठीच्या असतील. गळ्यात एका दिवसाचा पास होता. सरहद्दीचं गेट पाचला बंद होतं.

“मावशी, आधी भट्टी बघता की संग्रहालय?” मुलीने विचारलं.

“मला पंपघर बघायचंय,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट थेट हिरव्या पट्टीवर ठेवलं. “हे पाणी. म्हणजे पंपघर हे.”

पेंटर ताडकन उठला. “तुम्हाला कसं कळलं?”

“माझा थोरला भाऊ कामाला होता तिथे. पत्रात सगळं रंगांसकट लिहायचा.”

मग त्या सांगत गेल्या. सरहद्द बंद झाली आणि भाऊ या बाजूलाच अडकला. पंपघराच्या खिडकीतून आपलं घर दिसतं, असं त्याने आईला लिहिलं. तेव्हापासून आई रोज गच्चीवर तांबडी चादर वाळत घालायची आणि तो पत्रात लिहायचा, ‘चादर दिसली.’ मग एक पत्र आलं, ते त्याच्या हातचं नव्हतं. आईचा हात तरीही थांबला नाही. आता ती ऐंशीच्या पुढे गेलीय.

“तिनेच पाठवलंय. म्हणाली, ती खिडकी बघून ये. चादर खरंच दिसायची, की माझं मन राखायला लिहायचा, तेवढं मला सांग.”

पंपघराला कुलूप होतं, पण रखवालदार पेंटरच्या ओळखीचा. पेंटर बाईंना घेऊन निघाला. फिटरने पुन्हा पाना उचलला, तशी मुलगी म्हणाली, “पाचपर्यंत हात लावू नकोस.” माझा जीव भांड्यात पडला. काय दिसलं ते ऐकल्याशिवाय मी जाणार नव्हतो.

दोघं परत आले तेव्हा पाच वाजायला पंचवीस मिनिटं होती. बाईंचा चेहरा उतरलेला.

“खिडकीसमोर भिंत आहे,” त्या म्हणाल्या. “हात लागेल एवढी जवळ.”

“कोळशाच्या कोठाराची,” पेंटर खाली मान घालून म्हणाला. “तो कामाला लागायच्या आधीपासूनची.”

“लबाड मेला!” बाईंनी पदराने डोळे पुसले. “पण मग एक सांगा. आई एकदा आठवडाभर आजारी होती, चादर घातली नव्हती. तेव्हा त्याने लिहिलं होतं, ‘सात दिवस चादर नाही, सगळं ठीक आहे ना?’ ते त्याला कसं कळलं?”

पेंटर माझ्याजवळ आला आणि त्याने माझ्या कोपऱ्यातल्या एका करड्या डोंगरावर बोट ठेवलं. “हा भट्टीच्या कचऱ्याचा ढीग. आता लोक इथे सूर्यास्त बघायला जातात. तेव्हा कुत्रंही फिरकायचं नाही. पाळी सुटली की तुमचा भाऊ तिथे चढायचा. रोज. आम्ही कारखान्यातले चिडवायचो, उकिरड्यावर काय ठेवलंय रे? तो नुसता हसायचा.”

बाईंनीही त्या करड्या डोंगरावर बोट टेकवलं.

“चढायला अर्धा तास लागतो, मावशी,” मुलगी हळूच म्हणाली. “आज नाही जमायचं.”

“मला कशाला चढायचंय? मी ती चादर रोज बघते. आईला सांगते, खिडकीतून नाही दिसायची. त्यासाठी तो डोंगर चढायचा.”

आणि त्या गेटकडे चालू लागल्या.

पाचला फिटरने मला उतरवलं. आता मी चौकशीच्या खोलीत कपाटाला टेकून उभा आहे. निळ्या नदीमुळे कुणी चिखलात जात नाही, हे मला कबूल आहे.

दुसऱ्या दिवशी पेंटर धापा टाकत खोलीत आला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच त्या डोंगरावर चढला होता.

“होती?” मुलीने विचारलं.

“दोन होत्या.”

एक आईची, दुसरी बहिणीची, असं मुलगी म्हणते. मला बाहेरचं काही दिसत नाही. तुम्ही डोंगरावर जाल तेव्हा सूर्यास्ताकडे पाठ करून एकदा पलीकडे बघा, आणि किती दिसल्या ते मला येऊन सांगा.